रंगीत पाणी अधिक थंड असते का?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे येथील पारा ४४-४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. या दिवसांत माणसे सावली शोधतात, गुरे झाडाखाली बसतात आणि यंत्रेही थकतात. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याजवळ एखादा मालमोटारचालक रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून रेडिएटर थंड होण्याची वाट पाहत बसलेला दिसतो. शाळेच्या संगणक कक्षात दुपारच्या तासाला संगणक मंद चालू लागतात. दोन्ही ठिकाणी दुखणे एकच आहे. यंत्रात निर्माण होणारी उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडत नाही.

अशा वेळी विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये हिरवा किंवा गुलाबी द्रव ओततात, तो कशासाठी? हौशी मंडळी जुळवतात त्या मोठ्या संगणकांत पारदर्शक नळ्यांमधून निळे, तांबडे, जांभळे पाणी फिरत असते. तो रंग घातल्याने पाणी अधिक थंड राहते का? प्रश्न साधा वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधताना पाठ्यपुस्तकातील उष्णतेचे, विद्युत रसायनाचे आणि प्रकाशाचे धडे एकत्र येतात. शिवाय त्यातून जिवाशी संबंधित अशी एक गोष्टही समजते. म्हणून या लेखात आपण या रंगीत पाण्याचा मागोवा घेऊ.

पाणी उष्णता वाहून कशी नेते?

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. साध्या संगणकात ही उष्णता धातूच्या पंख्यांवरून हवा फिरवून काढून टाकतात. चित्रफितींचे संपादन किंवा भारी खेळ यांसाठी जुळविलेल्या संगणकांत मुख्य चिप आणि चित्रे रेखणारी चिप मिळून ३०० वॉट किंवा त्याहून अधिक उष्णता निर्माण करू शकतात. ती तळहाताएवढ्या जागेतून बाहेर काढावयाची असते. येथे पाणी उपयोगी पडते.

रचना सोपी आहे. चिपवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसवितात. त्याच्या आत अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा खाचा असतात. छोटा पंप त्या खाचांमधून पाणी ढकलतो. तापलेले पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंख्याच्या हवेने निवते आणि परत ठोकळ्याकडे येते. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून याला बंद चक्र म्हणावयाचे. मालमोटारीच्या इंजिनातही हेच चक्र असते, फक्त मोठ्या आकारात. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकासाठीही द्रवाने थेट उष्णता काढून नेणारी पद्धत निवडली गेली.

पाण्याचीच निवड का? कारण त्याचा विशिष्ट उष्मा फार मोठा आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. आता एक छोटे गणित करू. पंप दर मिनिटाला एक लिटर, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १६.७ ग्रॅम पाणी फिरवितो असे धरू. हा प्रवाह एका अंशाच्या तापमानवाढीत सुमारे ७० वॉट उष्णता उचलतो. मग ३०० वॉट उचलताना पाण्याचे तापमान ३०० भागिले ७०, म्हणजे सुमारे ४.३ अंशांनी वाढेल. एवढी उष्णता घेऊनही पाणी चार-साडेचार अंशच तापते. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडविण्याजोगे हे उदाहरण आहे.

रंगाचा यात वाटा किती?

याच गणितात रंग घालून पाहू. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम रंजक विरघळविले, तर ते एकूण वस्तुमानाच्या सुमारे एक हजारांश झाले. प्रत्यक्षात याहून कमी रंजकानेही पाणी गडद दिसते. हा एक ग्रॅम काहीच उष्णता उचलत नाही असे मानले, तरी ४.३ अंशांच्या वाढीत पडणारा फरक सुमारे ०.००४ अंशांचा असेल. शाळेच्या तापमापीवर तो कधीच दिसणार नाही.

येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, “पण काळी वस्तू उष्णता जास्त शोषते आणि जास्त बाहेर टाकते, असे आपण शिकलो आहोत. मग गडद रंगाचे पाणी लवकर निवावयास हवे.” ही शंका चांगली आहे. तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग असा, की रेडिएटरमधून उष्णता मुख्यतः वहन आणि अभिसरण यांनी हवेत जाते. पाणी धातूला तापविते आणि धातू हवेला तापवितो. आतले पाणी निळे आहे की तांबडे, हे बाहेरच्या हवेला कळण्याचा मार्गच नाही.

दुसरा भाग अधिक रंजक आहे. ४०-५० अंश तापमानाची वस्तू जे प्रारण बाहेर टाकते ते डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त असते. डोळ्यांना पारदर्शक वाटणारे पाणी या दीर्घ अवरक्त प्रारणाला मुळीच पारदर्शक नाही. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या थरातच ते असे प्रारण शोषून घेते. म्हणजे या प्रारणाच्या दृष्टीने स्वच्छ पाणी आधीच ‘काळे’ आहे. त्यात निळा रंग घालून ते अधिक काळे होणार नाही.

हे वर्गात पडताळून पाहता येते. एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत सुमारे ६० अंशांचे समान पाणी भरा. एकीत निळा खाण्याचा रंग मिसळा. दोन्हींत तापमापी ठेवून बाटल्या सावलीत, वाऱ्यापासून दूर ठेवा. दर पाच मिनिटांनी पाऊण तास नोंदी घ्या आणि आलेख काढा. दोन्ही वक्र एकमेकांवर बसतील. अर्ध्या अंशाचा फरक आला, तर तो रंगामुळे की तापमापींमुळे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. तापमापींची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा केला की उत्तर मिळते. नंतर त्याच बाटल्यांत साधे पाणी भरून, एकीत गडद रंग घालून, पांढऱ्या कागदावर उन्हात ठेवा. आता रंगीत पाणी अधिक तापलेले आढळेल. उन्हात दृश्य प्रकाश असतो आणि तो रंजक शोषून घेते. रंगाचा परिणाम कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे या दोन प्रयोगांतून एकाच तासात स्पष्ट होते.

माठ आणि रेडिएटर

रंगाने पाणी निवत नाही, तर मग खानदेशच्या उन्हाळ्यात या चक्राची मर्यादा कशाने ठरते? ती खोलीच्या हवेने ठरते. माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, कारण माठ पाझरतो आणि बाष्पीभवन होताना उष्णता खर्च होते. घरातील वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, म्हणून मे महिन्यात कूलर चांगले काम देतो आणि पावसाळ्यात तो निरुपयोगी ठरतो.

संगणकाचे चक्र बंद असते. तेथे पाझर नाही आणि बाष्पीभवनही नाही. त्यामुळे त्यातील पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. उष्णता हवेत जाण्यासाठी पाणी हवेपेक्षा काही अंश गरमच असावे लागते. हा फरक दहा अंशांचा धरला आणि बंद खोलीचे तापमान ४२ अंश असले, तर नळ्यांतील पाणी ५२ अंशांवर असेल. अशा चक्रांतील पुष्कळ पंपांसाठी ६० अंशांची मर्यादा सांगितलेली असते. पुण्यात हिवाळ्यात निर्धास्त चालणारा संगणक जळगावच्या मे महिन्यात काठावर येतो, तो असा. त्यावर उपाय खोलीची हवा खेळती ठेवणे, रेडिएटर मोठा घेणे आणि त्यावरील धूळ झाडणे हे आहेत. निळ्या रंगाचा त्या यादीत समावेश नाही.

मग रंग घालतात कशासाठी?

संगणकाच्या बाबतीत पहिले कारण शोभा हेच आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु द्रवांना रंग देण्याची पद्धत शोभेसाठी सुरू झाली नाही. रंगाचे खरे काम माहिती देण्याचे आहे.

१८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बेयर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसिन हे रंजक तयार केले. अत्यंत विरळ द्रावणातही ते पिवळ्या-हिरव्या तेजाने चमकते. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी जमिनीत मुरून नाहीसे होते. ते कोठे जाते, यावर वाद होता. १८७७ मध्ये त्या जागी सुमारे दहा किलोग्रॅम फ्लुओरेसिन ओतले गेले. सुमारे ६० तासांनी बारा किलोमीटरवरील आख नदीच्या उगमाचे झरे हिरवे होऊन वाहू लागले. वाद मिटला. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहराने नदी हिरवी करून सोडली, तिचे मूळही अशाच कामात होते. नदीत सांडपाणी कोण सोडतो हे शोधण्यासाठी तेथील नळकामगार हिरवे रंजक वापरीत असत.

शीतक चक्रात रंजक हेच काम करते. मोटारीखाली पडलेला थेंब पावसाचा, वातानुकूलन यंत्राचा की रेडिएटरचा, हे रंगावरून ओळखता येते. पुष्कळ शीतकांत प्रतिदीप्त रंजक असते. अतिनील दिवा धरला की बारीक गळतीचा माग चमकू लागतो. संगणकात तर गळतीचा एक थेंब विद्युत मंडलावर पडला तरी सगळा खेळ आटोपतो, म्हणून ही सोय मोलाची आहे. वर्गात हे दाखविण्यासाठी पिवळ्या हायलायटर पेनाची शाई पाण्यात मिसळावी आणि नोटा तपासण्याचा जांभळा दिवा त्यावर धरावा. उन्हात फिकट दिसणारे पाणी अंधारात हिरवट तेजाने उजळते. दिव्याकडे मात्र मुलांना थेट पाहू देऊ नये.

ओळख पटविणे हे रंगाचे दुसरे काम. रेशनच्या दुकानातील निळे रॉकेल पुष्कळांना आठवत असेल. रॉकेल मुळात निळे नसते. सवलतीचे रॉकेल दुसरीकडे वळविले गेल्यास ते ओळखू यावे, म्हणून त्यात निळे रंजक मिसळले जाई. त्यामुळे स्टोव्हची आच वाढत नसे. बाटलीत काय आहे, एवढेच तो रंग सांगत असे.

रंगाची भाषा सर्वांची एक नसते

आता महामार्गावरील त्या मालमोटारीकडे वळू. तिच्या रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी नसते, किंवा नसावे. मोटारीच्या शीतकात मुख्यतः पाणी व एथिलीन ग्लायकॉल हा द्रव असतो आणि त्यांच्यासोबत थोडी क्षरणरोधक द्रव्ये असतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. धुळ्यात कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरला, तरी पाणी गोठण्याची भीती नाही. मग येथे ग्लायकॉल कशाला? कारण ते उत्कलनबिंदूही वाढविते. साध्या हवेच्या दाबाला हे मिश्रण सुमारे १०६-१०७ अंशांना उकळते. त्यातच रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिटीप्रमाणे दाब धरून ठेवते, त्यामुळे उत्कलनबिंदू आणखी वर जातो. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे हे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम सुटतो आणि उकळता द्रव अंगावर उसळतो.

उष्णता वाहण्याच्या कामात मात्र ग्लायकॉल पाण्याहून कमी पडते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा विशिष्ट उष्मा सुमारे ३.४ किलोज्यूल असतो. आपल्या आधीच्या गणितात साध्या पाण्याऐवजी हे मिश्रण घेतले, तर ४.३ अंशांऐवजी वाढ सुमारे ५ अंशांची होईल. म्हणजे ज्या गुलाबी द्रवाला आपण ‘थंड करणारा’ म्हणतो, तो पाण्यापेक्षा थोडा कमीच थंड करतो. तो इंजिनाला गंजापासून, पाण्याला उकळण्यापासून वाचवितो. हे गुण त्याच्या रंगात नसतात. ते न दिसणाऱ्या घटकांत असतात.

येथेच गफलत होते. हिरवा म्हणजे जुन्या पद्धतीचा, नारिंगी म्हणजे नव्या पद्धतीचा, असे समीकरण काही ठिकाणी रूढ आहे. पण सर्व उत्पादकांना बांधील असा एकच रंगसंकेत नाही. एका कंपनीचा हिरवा आणि दुसरीचा हिरवा यांतील क्षरणरोधके अगदी वेगळी असू शकतात. ती मिसळली तर एकमेकांना मारक ठरतात आणि काही वेळा गाळ धरतो. रंग जुळला म्हणून द्रव जुळला असे नसते. डब्यावरील मजकूर वाचल्यावाचून रंगावर विसंबू नये.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. यकृतात त्यापासून तयार होणारी आम्ले आणि ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. सुमारे शंभर मिलिलिटर द्रव धडधाकट प्रौढाच्याही जिवावर बेतू शकतो. लहान मुलाला त्याहून पुष्कळ कमी पुरेसा होतो. असा द्रव पोटात गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. त्यावर उतारा असतो, पण तो वेळेवर मिळावा लागतो.

याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉलने महाराष्ट्राला एक कडू धडा दिला आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हा द्रव होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे खोकल्याच्या औषधातील याच द्रव्याने लहान मुलांचे बळी घेतले. ग्लिसरीन, एथिलीन ग्लायकॉल, डायएथिलीन ग्लायकॉल हे तिन्ही द्रव रंगहीन, दाटसर आणि गोड असतात. डोळे आणि जीभ यांना त्यांतील फरक कळत नाही. तो फक्त रासायनिक तपासणीत कळतो.

शीतकाला भडक रंग देण्यामागे ‘हे पिण्याचे नाही’ असे बजावण्याचाही हेतू असतो. पण हा इशारा कोणाला समजतो? गॅरेजमधल्या कारागिराला समजतो. उन्हातून खेळून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला, जुन्या शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेला हिरवा किंवा गुलाबी द्रव सरबतासारखा दिसतो. इशारा म्हणून घातलेला रंग त्याच्यासाठी आमंत्रण ठरतो. म्हणून शीतक नेहमी मूळ डब्यात, झाकण लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. रेडिएटरमधून काढलेले जुने शीतक गटारात किंवा अंगणात ओतू नये, कारण गोडीमुळे कुत्री व इतर जनावरे ते चाटतात. संगणकाच्या शीतकांत पुष्कळदा कमी विषारी असे प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, पण त्यातील इतर द्रव्यांमुळे तेही पिण्याजोगे नसते. हा एवढा भाग जरी आपण वर्गात सांगितला, तरी लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

ठिबकच्या नळीपासून घ्यावयाचा धडा

संगणकाच्या चक्रात रंग घालण्याची काही किंमत मोजावी लागते. ती समजण्यासाठी खानदेशातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. जळगाव हे भवरलाल जैन यांनी उभारलेल्या उद्योगामुळे ठिबक सिंचनाचे मोठे केंद्र बनले. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. या नळ्या काळ्या का असतात, असे विद्यार्थ्यांना विचारावे. त्यात मिसळलेली काजळी प्लास्टिकचे अतिनील किरणांपासून रक्षण करते आणि आत उजेड जाऊ देत नाही. उजेड नाही म्हणून शेवाळ नाही. तरीही विहिरीच्या पाण्यातील क्षार तोट्यांत साचतात, म्हणून शेतकरी अधूनमधून आम्ल प्रक्रिया करतो. शेवाळ व जिवाणूंसाठी क्लोरीन प्रक्रिया करतो. पाणी आधी गाळून घेतो.

संगणकाचे चक्र म्हणजे एक छोटे ठिबकच आहे. पण शोभेसाठी त्याच्या नळ्या पारदर्शक ठेवतात, वर दिवेही लावतात. शेवाळाला उजेड आणि ऊब दोन्ही मिळतात. म्हणून त्यात जंतुनाशक द्रव्य लागते. बोअरचे पाणी घातले तर त्यातील क्षारांचा थर नेमका सर्वांत गरम जागी, म्हणजे चिपवरील खाचांत बसतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घ्यावयाचे.

आता रंगाकडे येऊ. रंग दोन प्रकारचे असतात. विद्राव्य रंजकाचे रेणू पाण्यात पूर्ण विरघळतात. न विरघळणारे रंगकण मात्र पाण्यात नुसते तरंगत राहतात. दोन्ही पेल्यांत टाकून बाजूने टॉर्चचा झोत सोडला की फरक कळतो. खऱ्या द्रावणात झोताचा मार्ग जवळजवळ दिसत नाही, दुधाच्या पाण्यात तो स्पष्ट दिसतो. हाच टिंडल परिणाम. संगणकातील दुधाळ, अपारदर्शक शीतके दुसऱ्या प्रकारची असतात. त्यांतील कण कालांतराने खाली बसतात आणि अरुंद खाचा बुजवितात. न गाळलेल्या पाण्याने ठिबकची तोटी बुजते, तसेच हे आहे.

खाण्याचा रंग किंवा दौतीतील शाई घातली तर? खाण्याच्या रंगाच्या पुडीवरील घटक वाचून पाहा. पुष्कळदा त्यांत मीठ लिहिलेले आढळते. चक्रात तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनिअमचा रेडिएटर असा जोड असेल, तर दोन वेगळे धातू आणि मधे क्षारयुक्त पाणी मिळून विद्युत घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनिअमचा बळी जातो. शिवाय शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नसले, तरी क्षार मिसळताच ते वाहू लागते आणि गळती अधिक घातक ठरते.

मोरचूद पाण्याला सुंदर निळा रंग देते आणि शेवाळही मारते, मग ते घालावे काय, अशी शंका शेतकऱ्याच्या मुलाला येईल. त्याला मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडविण्याचा नेहमीचा प्रयोग करावयास सांगा. खिळ्यावर तांबे चढते, निळा रंग फिका होत जातो आणि खिळा झिजतो. ॲल्युमिनिअमच्या बाबतीतही असेच विस्थापन होते. येथे रंगाचे फिके होणे हीच एक बातमी आहे. धातू खाल्ला जात आहे, असे तो सांगतो.

अशी बातमी साध्या पाण्यात लगेच दिसते. पाणी तांबूस झाले तर लोखंड गंजले, हिरवट झाले तर तांब्याचे क्षरण किंवा शेवाळ, गढूळ झाले तर गाळ किंवा नळ्यांच्या प्लास्टिकमधून सुटलेले द्रव्य. गडद रंग या सर्व खुणा झाकून टाकतो. गळती दाखविणारा रंग आतला बिघाड लपवितो, हे त्याचे दुसरे अंग विसरून चालणार नाही.

सारांश

ज्यांना असे चक्र जुळवावयाचे असेल, त्यांनी ऊर्ध्वपातित पाणी, क्षरणरोधक आणि जंतुनाशक यांना पहिले स्थान द्यावे. तांबे व ॲल्युमिनिअम एकत्र आणू नयेत. रंग हवाच असेल तर याच कामासाठी बनविलेले विद्राव्य रंजक थेंबाथेंबाने घालावे. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर द्रव बदलावा. रंग उतरला, बदलला किंवा तळाशी साका दिसला, तर मुदतीची वाट पाहू नये.

आणि मूळ प्रश्नाचे उत्तर? रंगीत पाणी अधिक थंड नसते. रंगामुळे पाण्याविषयी काहीतरी कळते, एवढेच. ते कळण्यासाठी रंगाचा संकेत आपल्याला ठाऊक असावा लागतो आणि जेथे ठाऊक नसेल तेथे डब्यावरचे अक्षर वाचावे लागते. दोन बाटल्यांचा प्रयोग मे महिन्याच्या सुटीआधी आपल्या वर्गात अवश्य करून पाहावा. सावलीतील आणि उन्हातील दोन्ही आलेख आमच्याकडे पाठविल्यास, निरनिराळ्या गावांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येतील.